वडाखालचे लाल ठिपके

माझा स्वभाव तापट आहे, आणि माझ्या नकाशात कुणी खोट काढली तर जास्तच. तेव्हा मी औरंगपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानांवरच्या एका ऑफिसात बसून अपघातांचे नकाशे करत होते. पोलिसांच्या पंचनाम्यातलं ठिकाण वाचायचं, कॉम्प्युटरवर तिथं लाल ठिपका टाकायचा. ठिपके दाटले की ती जागा धोक्याची. वर्षभर हेच केलं.

बिडकीनच्या अलीकडं एका जुन्या वडावर ठिपके दाटले. पंचनाम्यांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, 'वडाच्या झाडाजवळ'. उपग्रहाच्या चित्रात फांद्या थेट रस्त्यावर आलेल्या दिसत होत्या. मी अहवालात लिहून टाकलं, झाडामुळं पुढचं वळण दिसत नाही. साहेब खूश झाले आणि झाड तोडायचा आदेश निघाला.

तोडायच्या दिवशी आधीचे फोटो काढायला मलाच पाठवलं. त्या झाडाखाली मी पहिल्यांदा उभी राहिले आणि वर पाहिलं. फांद्या ट्रकच्याही वर होत्या. वळण स्पष्ट दिसत होतं. इतक्या गाड्या इथं आदळल्या म्हणावं, तर खोडावर साधा ओरखडा नव्हता.

कापणारे येऊन बसले होते. फांदीला दोर बांधून झाला होता, करवतीत पेट्रोल भरणं चाललं होतं. खोडाशी पाण्याचा माठ होता, तो न्यायला शेजारच्या शेतातली म्हातारी आली होती. मी तिला विचारलं, "मावशी, इथं गाड्या कशाला धडकतात?"

"हितं कोण धडकतंय, बाई? पडतेत तिकडं, वळणाच्या पल्याड. हिरीवर टँकर भरतेत ना, लई पाणी सांडतंय. काळी माती डांबरावर येती अन् गाडी सटकती. मग आम्ही उचलून हितं आणतो. उन्हात डांबरावर कसं निजवावं माणसाला? हितं सावली हाय, पाणी हाय."

पोलीस येईपर्यंत जखमी माणूस वडाखाली असायचा, म्हणून पंचनाम्यात वड, आणि पंचनाम्यात वड म्हणून माझा ठिपकाही वडावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मीच वळला होता.

कापणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "मॅडम, फोटो हो गया ना? शुरू करते."

"थांबा."

"ऑर्डर है हमको."

"ती ऑर्डर माझ्याच नकाशावरून निघालीय! थांबा म्हणतेय ना!" मी ओरडलेच. पण साहेबांना फोन लावायला हात धजेना. नोकरी कंत्राटी होती आणि चूक सगळी माझी होती. साहेबांचा नंबर काढून मी नुसती उभी राहिले.

तेवढ्यात वळणापलीकडून लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला.

आम्ही सगळे पळालो. चिखलात मोटारसायकल आडवी पडली होती आणि तिच्याखाली कंपनीचा निळा शर्ट घातलेला माणूस. त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. मी अँब्युलन्सला फोन लावला. मुकादमानं त्याचं डोकं सांभाळलं, कापणाऱ्यांनी त्याला उचललं. कुठं न्यायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. झाड तोडायला आलेली माणसं त्याला घेऊन सरळ झाडाखाली गेली.

म्हातारीनं माठातल्या पाण्याचा हात त्याच्या तोंडावरून फिरवला. त्यानं डोळे उघडले.

"कुठंय मी?"

"वडाखाली, लेकरा. भिऊ नको."

अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. मागोमाग आलेल्या हवालदारानं आपल्या गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहायला घेतलं. मी डोकावले. 'वडाच्या झाडा' इथवर आला होता. मी कागदावर हात ठेवला.

"तो इथं पडला नाही."

"मॅडम, आम्ही सगळे असंच लिहितो. तिकडं खुणेला काय हाय सांगा बरं?"

"चला, दाखवते."

त्याला चिखलापर्यंत नेलं. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश एकेक आकडा करून सांगितले आणि तो ते लिहीपर्यंत हलले नाही. मग तिथंच उभं राहून साहेबांना फोन लावला.

"साहेब, नकाशा चुकलाय. माझाच."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झाड राहू द्या. तुम्ही ऑफिसात या."

ऑफिसात मी भरपूर बोलणी खाल्ली, पण नोकरी टिकली. टँकर भरायची जागा रस्त्यापासून आत हलवली गेली. वड अजून उभा आहे. मॅडमनी झाड वाचवलं, असं ऑफिसातले लोक नव्या माणसांना सांगतात, तेव्हा मी मान खाली घालून काम करते. निळ्या शर्टाचा तो माणूस आता काठी घेऊन चालतो. त्या म्हातारीला मी वर्षभर आधी जाऊन विचारलं असतं, तर त्याला काठी लागली नसती.