मामाला दोनच शब्दांची परवानगी: कोलोरॅडोतली एक स्की शर्यत

"दादा, तू दिवसभर गप्प उभा राहू शकतोस ना?" डेन्व्हरहून माझ्या धाकट्या बहिणीने, मेघनाने, फोनवर विचारलं. शेजारी बसलेल्या बायकोने परस्पर होकार देऊन टाकला.

मेघनाची अकरा वर्षांची इरा स्कीच्या शर्यतींत उतरते. शर्यतीच्या दिवशी प्रत्येक घराने एक माणूस कामाला द्यायचा, असा तिच्या क्लबचा नियम आहे. मेघनाने हे काम दोनदा केलं आणि दोन्ही वेळा वरून येणाऱ्या प्रत्येक मुलाला "सावकाश! अरे सावकाश!" असं ओरडून सांगितलं. कोचबाईंनी अर्थ विचारला. अर्थ कळल्यावर, घरात दुसरं कोणी आहे का, असंही विचारलं. नवरा कामासाठी पुण्यात. म्हणून मी.

टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोहून पहाटे निघावं. अमॅरिलोपर्यंत रस्ता सरळ आहे. त्यापुढेही सरळच आहे. तिथे गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरून घ्या, पुढे पंप विरळ होत जातात. खाण्याचीही तीच गत, त्यामुळे चटणी-पोळीचे रोल सोबत असू द्या. न्यू मेक्सिको ओलांडताना राटोनचा घाट लागतो. निघण्यापूर्वी तिथला बर्फ फोनवर तपासा, कारण टेक्ससच्या टायरांना बर्फ ही अफवा वाटते. मी घाटाअलीकडे मोटेलात मुक्काम केला.

शनिवारी डेन्व्हरहून डोंगराकडे उजाडायच्या आत निघालो. तरी ट्रॅफिक होताच. मागच्या सीटवरून इराने मला सगळं समजावलं. लहान गटात मुलांना बर्फावर नुसतं हुंदडू देतात. मग खांबांमधून वळायला शिकवतात. खरा वेग त्याच्यानंतर. वरच्या गटात जायचं तर निदान एका शर्यतीच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण हव्यात. या हिवाळ्यात तिची एकही पूर्ण झाली नव्हती, आणि आजची शेवटची.

"मामा, डोन्ट वेव्ह ॲट मी," ती म्हणाली.

"बरं."

"अँड नो थम्ज अप."

सकाळी आम्हा गेट जजना, म्हणजे खांबांवर नजर ठेवणाऱ्यांना, सूचना मिळाल्या. प्रत्येकाकडे काही खांब. मूल, किंवा त्याची एक जरी स्की, चुकीच्या बाजूने गेली तर नंबर टिपायचा. प्रोत्साहन, सल्ला, टाळ्या, काही नाही. अडखळलेल्या मुलाने विचारलं तर बरोबर असल्यास 'गो', चुकलं असल्यास 'बॅक'. चुकलेला खांब चढून परत घेता येतो; नाही घेतला तर मूल बाद. पायात दोन जोड मोजे घाला आणि थर्मासमध्ये चहा न्या. डोंगरावरच्या लॉजमधली चिली, म्हणजे बीन्सची उसळ, गरम असते, तिच्याबद्दल एवढंच चांगलं म्हणता येईल.

पहिली फेरी इराने नीट पूर्ण केली. माझ्यासमोरून गेली तेव्हा मी झाडाकडे पाहत असल्यासारखा उभा होतो.

दुसऱ्या फेरीत ती माझ्याच खांबापाशी घसरली. एक स्की आतून गेली, एक बाहेरून. ती थांबली. खाली कुंपणापाशी मेघना हातमोजा तोंडावर दाबून उभी होती.

"मामा, डिड आय मेक इट?"

मी नीट पाहिलं होतं. माझ्याशिवाय कोणीही पाहिलं नव्हतं.

"बॅक," मी म्हणालो.

"सीरियसली?"

याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी तोच पुन्हा म्हणालो.

ती आडवी होऊन एकेक पाऊल वर चढली. या अवजारांवर चढणं म्हणजे शिडी पायाला बांधून जिना चढण्यासारखं आहे. खांबाला बाहेरून वळसा घातला आणि खाली गेली. तेवढ्यात तिच्या मागून सुटलेली मुलगी पोचूनही गेली होती.

इरा शेवटची आली. परतीच्या वाटेवर कानात इअरफोन घालून बसली. मेघना मात्र बोलली. "दादा, अरे भाची आहे ती तुझी! एवढं काय लगेच?" आमच्या घरात परीक्षेत पोरांना एक मार्क जास्त पडला तर पेपर घेऊन सरांकडे परत पाठवत. याची तिला आठवण करून देणार होतो, पण गाडी तीच चालवत होती.

प्लेनोत परतल्यावर, बर्फाच्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ गाडीवरून धुऊन घेतलं. गुडघा अजून कुरकुरतो. सपाट रस्त्यावरून ऑफिसला जाताना मला इराची चढतानाची पाठ दिसते, आणि मी बरोबर पाहिलं होतं ना, हे पुन्हा तपासतो. बरोबरच पाहिलं होतं.

परवा इराचा फोन आला. शेवटची असली तरी शर्यत पूर्ण धरली गेली. पुढच्या हिवाळ्यात ती वरच्या गटात.

"मामा, विल यू कम नेक्स्ट इयर?"

"येईन की. कुठल्या खांबापाशी उभा राहू?"

तिने जरा विचार केला.

"पार्किंगमध्ये."