आधी पेन ड्राइव्हचे पाय धुवा

मंडळी, आज सकाळी माझं डोकं इतकं तापलं होतं की विचारू नका.

धावड्याहून माझे दीर आले. आमच्या रीतीप्रमाणे दारात पाय धुतले, मगच आत आले. पण खिशातला लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह काढून थेट माझ्या कॉम्प्युटरला लावला. तो निम्म्या गावातून फिरून आलेला! बघता बघता माझ्या नातीच्या फोटोंचा फोल्डर गायब. तिच्या जन्मापासूनचे फोटो, दुसरीकडे कुठेच नाहीत.

"वहिनी, म्या काहीच केलं न्हाई!"

"तुम्ही नाही भाऊजी, तुमच्या पेन ड्राइव्हनं केलं."

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. "व्हायरस हाय मॅडम. फॉर्मॅट मारावं लागंल, सगळं जाईल."

न बघताच? ताप आला म्हणून माणसाला थेट स्मशानात नेता का, असं विचारून मी फोन आपटला.

मग स्वतःच बसले. अँटिव्हायरस अपडेट करून स्कॅन लावला. पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस सापडला, तो काढून टाकला. नंतर लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय निवडला. फोल्डर जागच्या जागी! व्हायरसनं तो नुसता लपवला होता.

नातीचं बोळकं हसू पडद्यावर आलं तेव्हा कुठे भाऊजींच्या जिवात जीव आला. "मंग वहिनी, आता पेन ड्राइव्हचेबी पाय धुवायचे म्हणा की!"

अगदी बराबर बोलले. फोटोंची सीडी दुपारीच करून ठेवली. आता आमच्याकडे आधी स्कॅन, मग फोटो. रविवारी नणंदबाई येताहेत, त्यांनाही तोंडावर सांगणार.

तुम्ही सांगता का पाहुण्यांना, की भिडेपोटी गप्प बसता?