आईचे बाजूला बसण्याचे दिवस

आमच्या घरात आई महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बाजूला बसायची. चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, पाण्याच्या हंड्याला नाही. भाताच्या खाचरात मात्र दिवसभर वाकून राबायचं, चिखलाला विटाळ होत नाही. त्या दिवसांत दहाव्या वर्षापासून नाचणीच्या भाकरी मी थापल्या आणि वडिलांनी त्या मुकाट खाल्ल्या. शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान बाई, अर्धा महिना चुलीला सुट्टी!" अख्ख्या आळीला आईचे दिवस तोंडपाठ होते. हा आजार आहे हे कुणाला सुचलं नाही.

मलाही नाही. घराण्यातली पहिली पदवीधर मी. जुन्नरला राहून बी.एस्सी. झाले, मासिक पाळीच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले आणि सुट्टीत गावी, तळेघरला येऊन गुमान भाकरी थापल्या. आई खाचरात चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे तिची तपासणी झाली. अंगात रक्त निम्मंच उरलेलं, गर्भाशयात मोठी गाठ.

पहिले डॉक्टर म्हणाले, पोट उघडून पिशवीच काढू. आईने चपला घातल्या. चुलतीचं तसंच झालं होतं, पुढे चार महिने तिला वाकता येत नव्हतं. मग मी आईला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी रक्त वाढवू. मग दुर्बिणीतून नुसती गाठ काढू. चार बारीक भोकं, पिशवी राहील."

आईने एकच विचारलं, "भाताच्या आवणीला, रोपं लावाया वाकता यील का?"

"दोन महिन्यांनी खुशाल वाका."

"मंग पाडा भोकं."

ऑपरेशन होऊन ती घरी आली तशी चुलती बघायला हजर. "टाका दाव."

आईने दाखवला.

"एवढंच? माझं पोट बेंबीपासनं खाली फाडलं व्हतं! तुमाला फसवलं गं. ह्याला काय आपरेशन म्हणत्यात?"

मी मोबाईलवर गाठीचा फोटो पुढे केला. चुलतीने तो लांब धरून निरखला.

"ह्यो बटाटा हाय. मंचरच्या बाजारातला."

आई खदखदून हसली आणि लगेच पोट धरून कळवळली. "आता पटलं का जाऊबाई, झालंय आपरेशन?"

आषाढात आईने आवणी केली, एकदाही चक्कर न येता. बाजूला बसणं सोड म्हणून मी पुष्कळ समजावलं, पण माझी पदवी त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. आता आई महिन्यातून चारच दिवस बाजूला बसते.