उजवीकडून चढणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संना मी सायकलसकट पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या सायकल खांद्यावर टाकून धुक्यातून धावत येत होत्या. माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. मला वाटलं, बिचारीची सायकल पंक्चर झाली. मी नवऱ्याला म्हटलंही, "अहो, जाऊन मदत करा ना!" तो हसत सुटला. वन्संनी हसत आमच्यासमोर सायकल खाली ठेवली, तिच्या बाजूने चार पावलं धावल्या आणि पुढच्या क्षणी सीटवर होत्या. चढल्या कधी ते दिसलंच नाही. धुकं त्यांच्यामागे पुन्हा मिटलं. "ही अशी माझी मोठी बहीण," नवरा म्हणाला. मी मनात म्हटलं, आता हिच्याशी माझं कसं पटायचं!

पटलं. भांडत भांडत पटलं.

वन्सं रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होत्या. दिवसभर वाफ, आणि वाफेत पांढऱ्या चादरींची रांग. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणायच्या, "तो मागणी घालायला आला तेव्हा मी मैदानावर होते." मैदान म्हणजे पाण्याच्या टाकीमागचं. तिथे दर रविवारी सकाळी त्या क्लबच्या लोकांना सायक्लोक्रॉस शिकवायच्या. चिखल, गवत, चढ, आणि मध्येच आडव्या लावलेल्या गुडघ्याएवढ्या फळ्या. फळी आली की चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल उचलून पलीकडे जायचं आणि धावता धावता पुन्हा चढायचं. जिने आपल्याला न्यायचं तिलाच आपण खांद्यावर घ्यायचं, हे डोकं कोणाचं, मला अजून कळलेलं नाही. पण धुक्यातून वीसेक माणसं आपापली सायकल उचलून आवाज न करता टेकाडावर चढताना पाहिली की वाटायचं, आपण अजून झोपेतून उठलोच नाही. मी थर्मास घेऊन कडेच्या बाकावर बसायचे. मला सायकल येत नाही आणि मी ती शिकणारही नाही, हे मी तिसाव्या वर्षीच जाहीर केलं होतं.

वर्गात सगळ्यात लहान होती नऊ वर्षांची एक मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणायचे. सगळ्यात मोठे एक निवृत्त पोस्टमन, वय एकाहत्तर. दोघंही वन्संना मावशीच म्हणायचे. सायकलवर सगळ्यांनी डावीकडूनच चढायचं, उजवा पाय मागून फिरवायचा, कारण उजवीकडे चेन असते आणि ती पोटरी काळी करते. चढताना मनाला भरवसा नसला की पाय जमिनीवर एक जादा उडी मारतो. वन्संचा सगळा राग त्या उडीवर. "सीटवर उडी कसली मारता? चादर गादीवर टाकतो तसं अंग टाका," त्या म्हणायच्या. कोणाची उडी पडली की सगळ्या मैदानाने "उडी!" असं ओरडायचं आणि त्याने मुकाट्याने मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. पोस्टमनकाका तर दर वेळी टोपी काढून मैदानाला सलाम करायचे आणि मागे जायचे.

एकदा एक नवा गृहस्थ आला होता. त्याची उडी पडली, पण संकोचाने कोणी ओरडलं नाही. वन्सं वर्गावर अशा उखडल्या की विचारू नका. "तो काय पाहुणा आहे का? पाहुण्याच्या चुका मोजत नाहीत. आपल्या माणसाच्या मोजतात."

दुसरा नियम त्यांचा स्वतःसाठी होता. करून दाखवल्याशिवाय शिकवायचं नाही. त्याच नियमाने त्यांचा घात केला.

साठाव्या वर्षी त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सांधा नवा बसवला. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण उजवा पाय मागून वर फिरवायचा नाही, कधीच नाही. म्हणजे चाळीस वर्षं जे शिकवलं तेच बंद. सहा महिने वन्सं आमच्याकडे राहिल्या. वर्ग क्लबातल्या कवायत मास्तरांकडे गेला, वन्संची शिट्टीही त्यांच्याकडे गेली. "त्यांनाच राहू दे," वन्सं भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मी काय, येऊन बसेन तुझ्याशेजारी बाकावर."

मला चहा कडू लागला. माझ्या बाकावर वन्सं! मला ते चित्र सहन होईना.

मग एक दिवस कपडे धुताना त्यांच्या विजारीवर चेनच्या चाकाचे काळे दात दिसले. डाव्या पायावर. धुलाईघरात जन्म घालवलेल्या बाईने तो डाग साबणाने घासघासून पार फिकट केला होता, पण मीही काही आंधळी नाही. डाव्या पायाला चेन लागते कधी? सायकलच्या उजव्या बाजूला उभं राहिलं तर. दुसऱ्या दिवशी पहाट उजळता उजळता मी मागच्या अंगणात डोकावले. वन्सं उजवीकडून सायकल ढकलत धावत होत्या, पहिल्यांदाच सायकल पाहिल्यासारख्या. डावा पाय उचलायच्या, थबकायच्या, उडी मारायच्या. एकदा सायकलला भिंतीशी टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या, हँडलवर डोकं ठेवून. मी पाय न वाजवता आत आले आणि पोळपाटापाशी उभी राहून रडले. नंतर रोज एक विजार मी स्वतः भिजत घालायला लागले, त्याही ती बादलीपाशी ठेवून जायला लागल्या.

शेवटी एका रविवारी त्या म्हणाल्या, "आज येते मी. एकदा करून दाखवते. जमलं तर वर्ग माझा, नाहीतर मास्तरांचा."

धुकं इतकं होतं की टाकी दिसत नव्हती, नुसता पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. सगळे रांगेत उभे. वन्सं सायकलच्या उजव्या बाजूला गेल्या तशी कुजबुज झाली. त्या धावल्या. फळीशी सायकल उचलली, ओलांडली, खाली ठेवली. डावा पाय उचलला, आणि उडी पडली. चांगली ढळढळीत पडली. मग त्या सीटवर बसल्या आणि दहा पावलांवर थांबल्या.

चिमणीने तोंड उघडलं आणि मिटलं. पोस्टमनकाका बुटांकडे बघायला लागले. मग कोणीतरी हळूच टाळी वाजवली, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून वाजवतात तशी, आणि मागोमाग बाकीच्यांनीही.

वन्संची पाठ मला दिसत होती. टाळ्या वाजत होत्या आणि ती पाठ वाकत चालली होती. चाळीस वर्षांच्या मैदानावर त्या पाहुण्या झाल्या होत्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाकावर उभी राहिले. थर्मास कुठेतरी गडगडत गेला.

"उडी!" मी ओरडले. "वन्सं, उडी पडली! मागे जा!"

टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी वन्संना धक्का मारून पाडलंय. वन्सं वळल्या. डोळे भरलेले, पण तोंडावर तेच जुनं, लग्नाच्या आठवड्यातलं हसू.

"अगं, सहा महिने काय झोपली होतीस?" त्या म्हणाल्या. "जरा आधी ओरडायचं!"

त्या सायकल ढकलत मागे गेल्या आणि पुन्हा धावल्या. पुन्हा उडी पडली. या वेळी चिमणी सगळ्यांच्या आधी ओरडली, आणि तिच्यामागोमाग अख्खं मैदान. पोस्टमनकाकांनी टोपी काढून वन्संना दाखवली. वन्संना टोपी नव्हती, त्यांनी हात कपाळाला लावून मैदानाला सलाम केला.

कवायत मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "त्यांना द्या," ते म्हणाले, आणि सायकल घेऊन रांगेत गेले. तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले. मग एकेक करून सगळेच बाजू बदलायला लागले.

मी शिट्टी द्यायला धावले, तोवर वन्सं धुक्यात शिरल्या होत्या, तिसऱ्यांदा सुरुवात करायला. आतून आवाज आला, "मोजताय ना नीट?"

"मोजतोय, मावशी," एकाहत्तर वर्षांचे काका म्हणाले.