विलासभाऊंचं जुनं विमान

विलासभाऊंशी रस्त्यात बोलत असताना वरून विमानाचा आवाज आला की बोलणं तिथेच थांबे. खिशातून मोबाइल निघे, त्यावर विमानांचा नकाशा उघडे, आणि उंचीचा आकडा पाहून भाऊ कपाळाला हात लावत. "इतकं खाली काहून ठेवलं बाप्पा? फुकटचं इंधन पिऊन राहिलं!" धानाचा भाव सोडून विमानाच्या इंधनाची काळजी करणारा तुमसरात हा एकच गृहस्थ. आम्ही थट्टा करायचो, पण ते रागावत नसत.

जवळच्या करडी गावातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईत एका विमान कंपनीत होता. विमान उडण्याआधी ते किती उंचीवरून न्यायचं, हे ठरवणं त्यांचं काम. कंपनी बंद पडली आणि ते मेहुण्याच्या राईस मिलमध्ये येऊन बसले.

मी शेजारी, शाळामास्तर. मला ते समजावत, "खाली हवा दाट, तिले कापता कापता इंधन जाते. वर पातळ. पण भरलेलं विमान एकदम वर नेलं तं इंजिन हाफते मास्तर. इंधन जळलं, वजन उतरलं, का मंग हळूहळू वर चढवाचं." हे सांगताना अंगावर मिलचा कोंडा घेऊन उभा असलेला हा माणूस इतका देखणा दिसे की मला हेवा वाटायचा.

बरेच अर्ज केल्यावर एका नव्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं. पन्नाशी जवळ आली होती. ही नोकरी हुकली तर पुढची नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

परतले तेव्हा त्यांना आणायला मी तुमसर रोड स्टेशनवर गेलो. भाऊ उतरले ते बाकावरच बसले. मुलाखतीआधीच्या परीक्षेत विमान, वजन आणि वारा देऊन योग्य उंची काढायला सांगितली होती. भाऊंचं उत्तर सगळ्यांत आधी झालं.

"मग बरोबरच असणार," मी म्हटलं.

"बरोबर होतं, पण आपल्या जुन्या विमानाचं. कागदावर विमान दुसरं होतं. त्याचं इंजिन नवीन, ते अजून वर चालते. मी पाहिलंच नाही. आपल्याच कंपनीचे आकडे धरले."

"चुकलं म्हणून सांगायचं होतं ना!"

"सांगतलं. मुलाखत घेणारा पोरगा चांगला होता. म्हणे, आता हे संगणकच काढते काका." भाऊ थोडं थांबले. "ते जुनं विमान आता कुठंच नाही मास्तर. सारे नव्यावर गेले. मीच एकटा उडवून राहिलो."

मी त्यांची बॅग उचलली. ऑटोने आम्ही घरी आलो.

वनितावहिनी दारात उभ्या होत्या. "मुंबईले जावं लागते का दिल्लीले?" त्यांनी विचारलं.

भाऊ चपला काढत म्हणाले, "कुठंच नाही जावाचं."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.