दोन पेट्यांच्या मधला माणूस

ती घटना मला आठवावी लागत नाही. ती कधी गेलीच नाही. पोलिसांच्या आठवणी म्हटल्या की वाचकाला खून-दरोडे हवे असतात. इथे चोरीला गेलेली वस्तू म्हणजे वीतभर कागद, आणि चोर म्हणजे साठी उलटलेला एक देवभोळा शेतकरी. नावं कुणाचीच देत नाही.

इंग्रजी अमदानी होती आणि मी निपाणी ठाण्यात फौजदार होतो. कायदेमंडळाची निवडणूक लागली. मताचा हक्क तेव्हा सरसकट नव्हता, ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांनाच होता. आमच्या हद्दीतल्या एका गावात असे मतदार मोजकेच, आणि सगळे जुन्या वळणाचे. आंघोळीशिवाय तोंडात घास घालायचे नाहीत, हॉटेलातल्या चहाला शिवायचे नाहीत. पण स्वराज्य मागणाऱ्या एका पक्षावर त्यांचा भारी जीव. निवडणूक जाहीर होताच त्यांनी खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली की मत पक्षालाच. देवापुढची हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडणं आमच्या भागात माणूस मारल्याइतकं मोठं पाप. उमेदवार कोण, हे मात्र तोवर ठरलंच नव्हतं. पुढे ठरलं. तो निघाला निपाणीतला तंबाखूचा एक बडा व्यापारी, आणि नाव ऐकून गावातले चेहरे उतरले.

मतदानानंतर दोन दिवसांनी पक्षाचा एक कार्यकर्ता ठाण्यात आला. कोऱ्या चिठ्ठ्या बाहेर आणून विकायचा धंदा चालला आहे, अशी त्याची खबर होती. मतदानाच्या जागी पडद्याआड दोन उमेदवारांच्या दोन पेट्या असत. कुणी चिठ्ठी पेटीत न टाकता बाहेर आणली, तर ती विकत घेऊन दुसऱ्याकरवी हव्या त्या पेटीत घालता येई. ही लबाडी नवी नव्हती. कार्यकर्त्याने संशयित म्हणून एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. हा पडद्याआड फार वेळ थांबला आणि बंडीच्या खिशावर हात ठेवून बाहेर पडला, असं तो म्हणाला. त्याच दिवशी चिकोडीहून मामलेदारांचं पत्र आलं. मोजणीत त्या जागची एक चिठ्ठी कमी भरली होती.

म्हाताऱ्याला सगळा गाव आप्पा म्हणे. पंच घेऊन घराची झडती घेतली, काही सापडलं नाही. मग त्याला ठाण्यात आणलं. बाकावर ताठ बसला. ठाण्यातलं पाणी पुढे केलं तर हात जोडून नको म्हणाला.

"चिठ्ठी कुठाय आप्पा?"

"म्या काय इकलं न्हाय, सायेब."

"विकली का, हे विचारलं नाही. कुठाय?"

यावर गप्प. दुपार कलली तरी गप्प. गुन्हेगार बोलून फसतो, न बोलणारा फार जड जातो. हवालदार माझ्या कानाशी लागला, "सायेब, दोन ठिवून दिऊ का?" मी त्याला दरडावलं. मारझोड न करता कबुली घेणारा अधिकारी म्हणून माझं जिल्ह्यात नाव होतं, आणि त्याची मला घमेंडही होती.

मी शिपायाला खंडोबाच्या देवळातून वाटीभर भंडारा आणायला लावला. वाटी आप्पापुढे ठेवली आणि म्हणालो, "चिठ्ठी बाहेर नेली नाही, एवढं हा भंडारा उचलून सांगा. या घडीला घरी सोडतो."

आप्पाने वाटीकडे पाहिलं. हात पुढे केला, मागे घेतला.

"न्हेली, सायेब," तो म्हणाला. "पर इकायला न्हाय. पडद्याआड गेलतो, दोन पेट्या बघितल्या आन् हातच चालंना. पक्षाला मत देतो म्हणून भंडारा उचललाय. आन् ह्यो उमेदवार कसा? त्येच्या वखारीला आग लागली तवा मी तंबाखूची गाडी घिऊन दारातच हुतो. बायका आत पाला निवडत हुत्या आन् भाइरनं कुलूप हुतं. ह्या डोळ्यांनी बघितलंय. दोघी जळून मेल्या. आन् ह्येनं कोर्टात गीतंवर हात ठिवून सांगितलं, कुलूप नव्हतं म्हणून. खोटी शपथ घेणाऱ्याला मत कसं द्यायचं? आन् न्हाय दिलं तर मीबी खोट्या शपथंचाच की!"

"मग चिठ्ठीचं काय केलंत?"

"देवाला कौल लावला. गुरवाला सांगून दोन कळ्या मूर्तीला चिकटवल्या. उजवी पडली तर पक्षाच्या पेटीत टाकायची, डावी पडली तर दुसरीत. म्हटलं, कौल घिऊन माघारी यावं. पर दिवस मावळला तरी एकबी पडली न्हाय." मग त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. "आता आणून दिली तर चालंल का वं? देव आज सांगंल."

"पेट्या फुटल्या आप्पा. मोजणी झाली."

चिठ्ठी मूर्तीमागच्या कोनाड्यात मिळाली. मी ती पंचांसमक्ष मुद्देमाल म्हणून जप्त केली. जबाब लिहिताना कुलपाचा मजकूर गाळला. तो या गुन्ह्याचा भाग नव्हता, आणि वखारीचं प्रकरण कधीच निकालात निघालं होतं. त्या दिवशी हे मला अगदी रीतसर वाटलं. आज लिहिताना लाज वाटते.

ताकीद देऊन सोडावं, असं मी वरिष्ठांना लिहिलं. उत्तर आलं की निवडणुकीचा मामला आहे, जरब बसली पाहिजे. वकिलाने आप्पाला परोपरीने समजावलं, की चिठ्ठी देवळात सापडली, तिथे ती कुणीही ठेवली असेल, तुम्ही फक्त नाही म्हणा. मॅजिस्ट्रेटने गुन्हा कबूल आहे का विचारलं आणि आप्पा म्हणाला, "व्हय." एक महिना कैद झाली. खटल्याच्या निकालाच्या दिवशी तो व्यापारी कायदेमंडळाचा सभासद होऊन बसला होता. भरघोस मतांनी आला होता. आप्पाच्या मताची त्याला गरजही नव्हती.

गावात मात्र उलटंच पसरलं. आप्पाने मत विकलं, भंडाऱ्याला बाटवलं, असं पक्षाची माणसं सांगत सुटली. भाऊबंदांनी त्याला लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. भंडारा उचललेल्या बाकीच्यांनी नाक दाबून व्यापाऱ्याला मत दिलं होतं. ते मानाने मिरवत राहिले. कुलूप त्यांनाही ठाऊक होतं.

सुटून आल्यावर आप्पा एकदा ठाण्यात आला. खंगला होता. उभ्यानेच विचारलं, "माझं नाव मतदारांच्या यादीतनं काढलं म्हणत्यात. खरं हाय का, सायेब?"

"खरं आहे. शिक्षा झाली ना."

मला वाटलं, हा आता रडेल, नाहीतर मला शिव्याशाप देईल. त्याने मोठा श्वास सोडला.

"लई ब्येस झालं," तो म्हणाला. "सुटलो बघा." आणि मला नमस्कार करून निघून गेला.

त्या तपासाबद्दल मला वरून शाबासकीचं पत्र आलं. पुढे बढती झाली, बदली झाली, बेळगावात कॅम्पात बंगला मिळाला. नोकरीभर मी खोटारड्यांना पकडायला धावलो आणि त्यातले निम्मे पुराव्याअभावी सुटले. आप्पाला पकडायला काहीच लागलं नाही, कारण तो खोटं बोलू शकत नव्हता. एवढंच हेरलं होतं मी, आणि त्याला मी कसब म्हणत होतो. मतं पुढेही पडत राहिली, पेट्या भरत राहिल्या. पण ज्याला मत देतानाही देव आठवायचा, असा एक माणूस आमच्या तालुक्यात होता, आणि मताचा हक्क गेला म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटावं, ही वेळ त्याच्यावर मी आणली.