उष्ट्या कपांचा रविवार

चर्चच्या सभागृहात उपासनेनंतर जो चहा मिळतो, त्यात किटलीकाकू थुंकतात, ही बातमी रविवारी दुपारी गल्लीत फिरली. लोकांची जेवणं उरकेपर्यंत ती ‘दर रविवारी थुंकतात’वर गेली आणि संध्याकाळी काकूंना छातीचा कसलासा आजारही जडला.

सगळं झूट. काकू थुंकल्या नाहीत. त्यांनी एका रविवारी कप धुतले नाहीत, एवढंच.

आता किळस म्हणाल, तर काकूंना ती सहसा येत नाही. उभी हयात रुग्णालयाच्या धुलाईखान्यात गेली. रक्ताच्या चादरी, ओकारीचे अभ्रे, विचारू नका. त्यावर त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. ‘आजारी माणूस मुद्दाम थोडंच करतो,’ म्हणायच्या. नोकरी संपल्यावर चर्चच्या चहाची किटली हाती आली आणि नाव पडलं ते पडलंच.

तेव्हा चहा कागदी कपातून मिळायचा. पिऊन झाला की कप सभागृहामागच्या उघड्या पिंपात, तिथून वाऱ्याबरोबर ओढ्यात. ओढा जिथं रस्त्याखालच्या पाइपात शिरतो, तिथंच काकूंचं घर. एकदा पाऊस झाला, पाइप तुंबला आणि पाणी स्वयंपाकघरात शिरलं. काकांचे पाय अधू, ते खाली गादीवर. काकूंनी आणि सुनेनं त्यांना उचलून जेवणाच्या टेबलावर बसवलं. खाली चर्चचे कप तरंगत होते. एकावर लिपस्टिक होती.

त्यानंतर चर्च आणि ओढा वाचवा मंडळ एकत्र आले. पाळकसाहेबांनी सृष्टीच्या राखणदारीवर प्रवचन दिलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ओढ्याकाठी फोटो काढून घेतला, चपला न भिजवता. ठरलं असं, की कागदी कप बंद. प्रत्येकानं घरून एक कप आणायचा, सभागृहाच्या फळीवर आपल्या नावाच्या चिठ्ठीपाशी ठेवायचा, चहा प्यायचा आणि नळाखाली स्वतः धुवायचा. काकूंना तर आनंद मावेना. फळ्या त्यांनीच पुसल्या.

आरंभशूर मंडळी! सुरुवातीला नळापाशी रांग लागायची. मग ‘काकू, आज जरा घाई आहे, इथं ठेवते हं’ सुरू झालं. मग नुसतं ‘काकू, हं’. मग तेही नाही. ओट्यावर कपांचा डोंगर, आणि आत काय काय! तळाशी भिजून लगदा झालेलं बिस्किट. नाक पुसून कोंबलेला कागदी रुमाल. गायनमंडळातल्या सुरेल भाऊंचं च्युइंगम, काठाला चिकटवलेलं, दाताच्या खुणांसकट. एका आजोबांनी तर कवळीत अडकलेलं काहीतरी काढून कपातच ठेवलेलं. ज्या बाईला ओकारीचे अभ्रे चालले, तिला इथं उमासे यायला लागले. ही तर धडधाकट, इस्त्रीच्या कपड्यातली माणसं. नळ चार पावलांवर.

तरी काकू घासत राहिल्या. सुनेपाशी मात्र एकदा म्हणाल्या, “माणसाच्या घाणीची नाही गं, माजाची शिसारी येते.”

एका रविवारी त्या अशाच घासत असताना खिडकीपलीकडून अध्यक्षीणबाईंचा मधाळ आवाज आला.

“पाळकसाहेब, काकूंचे हात बघवत नाहीत हो. थोडे दिवस परत कागदी कप आणू या. पर्यावरणपूरक मिळतात आता.”

“खरंय. काकूंसाठी तरी. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी ठरवून टाकू.”

काकूंच्या हातातली घासणी थांबली. कपाचं ओझं काकूंवर घालायचं, मग काकूंवरच्या दयेपोटी कागदी कप ओढ्यात सोडायचे, आणि टेबलावर पुन्हा चढायचं कोणी? काकांनी!

त्यांनी नळ बंद केला. धुतलेले कप बाजूला काढले, आणि उरलेले, होते तसे, बिस्किटासकट, रुमालासकट, ज्याचा त्याच्या चिठ्ठीपाशी नीट मांडले. अध्यक्षीणबाईंचा त्यातच होता. मग पदराला हात पुसून घरी गेल्या.

पुढचा रविवार उजाडला. उपासना छान झाली. मंडळी हसतखेळत फळीकडे निघाली, आणि दारातच कुणीतरी नाकाला हात लावला. अध्यक्षीणबाईंच्या कपात हिरवी लव उगवली होती, मखमलीसारखी. आजोबांनी आपल्या कपात डोकावून पटकन डोळे मिटले. सुरेल भाऊंनी कप न बघताच पुढं केला, काकूंनी न बघताच चहा ओतला, आणि काहीतरी पांढरट वर तरंगलं.

“थुंकलंय! कुणीतरी थुंकलंय माझ्या कपात!”

“तुमचंच च्युइंगम आहे ते, भाऊ,” काकू म्हणाल्या. “मागच्या रविवारचं. मऊ झालं असेल आता.”

भाऊ तोंड दाबून मोरीकडे पळाले, आणि गल्लीला बातमी मिळाली ती तिथून. पाळकसाहेब कप हातात धरून उभे, खाली ठेववेना की तोंडाला लाववेना.

अध्यक्षीणबाई लालबुंद झाल्या. “काकू, शोभतं का हे? धुवायला जमत नव्हतं तर सांगायचं होतं. आम्ही तुमच्या हातांचाच विचार करून कागदी कप आणणार होतो! आणि असले घाणेरडे कप मांडताना किळस नाही आली तुम्हाला?”

किटली खाली ठेवून काकू म्हणाल्या, “आली ना, बाई. मला दर रविवारी येत होती, तुम्हाला आज आली. माझ्या हातांना काही झालेलं नाही, त्यांच्या नावावर कागदी कप आणू नका. घासणी नळापाशी आहे, साबण शेजारीच. आधी तुमचा घासा, मग चहा देते.”